मोहाचं कसब

आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं, कळमनुरी तालुक्यातलं बाजाराचं गाव. भोवती हळद, सोयाबीन, कापूस आणि ऊस. डोंगरकड्याच्या अंगाला केळीच्या बागा. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही बाजारगावात दारू तीन वाटांनी येते. पहिली देशी, म्हणजे साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटमध्ये पाणी आणि संत्र्याचा अर्क घालून भरलेली. दुसरी ‘इंग्लिश’. तिच्या लेबलवर व्हिस्की लिहिलेलं असलं, तरी स्वस्त बाटल्यांमधलं मूळ स्पिरिट बहुतेकदा त्याच मळीचं असतं. तिसरी हातभट्टीची. काळा गूळ, नवसागर आणि घाई यांतून ती तयार होते आणि प्लास्टिकच्या पिशवीतून विकली जाते.

या तिन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे. पिणारा ती चवीसाठी घेत नाही. घोट नरड्याखाली ढकलायचा, वर चिमूटभर मीठ किंवा चिवडा टाकायचा आणि पुढचा ग्लास भरायचा. दारू कशाची आहे, कुणी आणि कशी काढली, हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर देऊ शकेल असा माणूसही दुकानात नसतो.

याच तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात मात्र आंध आदिवासींची गावं आहेत. पैनगंगा ओलांडली की उमरखेड-पुसदचा मुलूख लागतो आणि पूर्वेला किनवट-माहूरचं जंगल. या सगळ्या पट्ट्यात जिथे जंगल टिकलं तिथे मोह टिकला आहे. मोहापासून दारू काढणं हे जगातल्या कोणत्याही नामांकित मद्याच्या तोडीचं कसब आहे. ते आपल्या पायाशी होतं. आपण आधी ते सरकारी तिजोरीसाठी बांधून टाकलं, मग गुन्हा ठरवलं, आणि शेवटी त्यातली कला गळून नुसती झिंग उरली. ती कला काय होती आणि ती परत कशी मिळेल, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

फूल पहाटेचं

मोहाचं झाड फाल्गुन-चैत्रात पानं टाकतं आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस धरतं. फूल रात्री उमलतं. वटवाघळं त्यावर येतात, परागीभवन करतात. उजाडायच्या सुमाराला मांसल, फिकट पिवळसर पाकळ्यांचा तो रसाळ पेला देठापासून सुटून खाली पडतो. मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत हा क्रम चालतो. ढगाळ हवा आली, गारपीट झाली, की त्या वर्षीचा हंगाम बसतो.

वेचायला बायका आणि पोरं पहाटेच जातात. ऊन चढलं की फूल मऊ पडतं, मुंग्या लागतात, गुरंही खाऊन जातात. अस्वलालाही हे फूल प्रिय, म्हणून अंधारात जंगलात शिरताना सोबत लागते. झाडाखालचा पालापाचोळा आड येऊ नये म्हणून तो पेटवून देण्याची जुनी रीत आहे. त्यातून जंगलाला वणवे लागतात, आणि राख-माती चिकटलेल्या फुलाची चवही बिघडते. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. फूल जमिनीला टेकत नाही, आग लावावी लागत नाही आणि माल खाण्याच्या प्रतीचा मिळतो. चांगल्या दारूची सुरुवात भट्टीवर होत नाही, या जाळीत होते.

ताज्या फुलात बहुतेक वजन पाण्याचं असतं. तीन-चार दिवस उन्हात पसरलं की ते आकसतं, तांबूस-तपकिरी होतं आणि मनुकेसारखं दिसू लागतं. सुकलेल्या फुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचं असतं. म्हणूनच दुष्काळात याच फुलांनी माणसं जगवली आहेत: शिजवून, भाजून, कुटून, पिठात मिसळून भाकरी करून. फळ आलं की भाजी, बी मिळालं की तेल. दारू हा या झाडाच्या अनेक उपयोगांतला एक उपयोग आहे. ज्या घरात फुलाची भाकरी होत होती त्या घराला त्याच्या दारूचं मोलही माहीत होतं.

सडवा आणि धार

सुकी फुलं पाण्यात भिजत घातली की जे मिश्रण आंबतं, त्याला या भागात सडवा म्हणतात. पोलिसांच्या पंचनाम्यात त्यालाच ‘रसायन’ असं नाव पडतं. फुलाच्या अंगावर नैसर्गिक यीस्ट असतंच, त्यामुळे निराळं काही घालावं लागत नाही. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, मडक्यात बुडबुडे फुटू लागतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतात, थंडीत आठवडा किंवा अधिक.

मराठवाड्याचा उन्हाळा हा इथला खरा प्रश्न. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की मडक्यातलं यीस्ट थकतं, आणि हवेतले जिवाणू शिरून तयार झालेल्या अल्कोहोलचं आम्ल करतात. सडवा आंबट झाला की त्यातून चांगली धार निघत नाही. म्हणून जाणता माणूस मडकं सावलीत, अर्धं मातीत पुरून ठेवतो. बुडबुडे थांबले, वासातला गोडवा जाऊन त्यात वाइनसारखा तिखटपणा आला, की वेळ झाली. एक दिवस आधी भट्टी लावली तर साखर वाया जाते, एक दिवस उशीर झाला तर आंबटपणा वाढतो. हा निर्णय नाकाने घ्यायचा असतो.

मग भट्टी. तीन दगडांच्या चुलीवर सडव्याचं भांडं, त्यावर दुसरं भांडं, सांधे ओल्या मातीने आणि चिंध्यांनी लिंपलेले. वाफ वर जाते, थंड पाण्याच्या भांड्याला लागून तिचं पाणी होतं आणि नळीतून थेंबथेंब गळतं. अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं, पाणी १०० ला. या फरकावरच जगातली सगळी ऊर्ध्वपातित मद्यं उभी आहेत. वरचं पाणी तापलं की ते बदलावं लागतं. किती वेळा बदललं, यावर जुने लोक दारूचा कस सांगत. जितकी पाणी बदलायची पाळी जास्त, तितकी दारू सौम्य.

आच मंद हवी. घाईने जाळ वाढवला की तळाची फुलं करपतात, आणि तो करपट वास पुढे काही केल्या जात नाही. पहिल्या धारेला आपल्याकडे मोठा मान आहे, कारण ती सगळ्यांत कडक. पण ऊर्ध्वपातनाचं शास्त्र सांगतं, की अगदी सुरुवातीचे थेंब बाजूला काढायला हवेत. त्यांत अॅसिटाल्डिहाइडसारखी लवकर उडणारी द्रव्यं असतात, त्यांनी डोकं दुखतं आणि घसा जळतो. शेवटची धारही टाकावी लागते. ती पाणचट आणि तेलकट असते. मधला भाग हाच दारूचा गाभा. स्कॉटलंडच्या डिस्टिलरीत हे काम करणारा माणूस वर्षानुवर्षं शिकतो. किनवटच्या रानात तेच काम एखादी बाई थेंब तळहातावर चोळून, हुंगून करत आली आहे.

भांड्याचाही परिणाम होतो. व्हिस्कीच्या भट्ट्या तांब्याच्या असतात, कारण तांबं वाफेतल्या गंधकाच्या वासांना धरून ठेवतं. मातीचं मडकं काही मिसळत नाही आणि हळू तापतं. आजची हातभट्टी मात्र प्लास्टिकच्या नळ्या आणि औषधांचे जुने ड्रम वापरते. मडकं गेलं, वेळ देणं गेलं, फुलाच्या जागी काळा गूळ आला. म्हणजे भट्टी राहिली आणि कसब गेलं.

तिजोरीतलं झाड

गोदावरीच्या खोऱ्याला मोहाची ओळख फार जुनी आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त गोदाकाठच्या झाडीतला, फुलांच्या भाराने वाकलेला मोह येतो. त्याच काळात पैठण आणि तेर या मराठवाड्यातल्या पेठा भडोच बंदराशी जोडलेल्या होत्या. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे, की पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड भडोचला जाई, आणि भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीची वाइन असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तांदळाची, पिठाची, गुळाची, फळांची मद्यं त्यांच्या घटकांच्या प्रमाणासह दिली आहेत, आणि द्राक्षाच्या मद्याला त्याच्या प्रदेशावरून ओळखायची रीतही दिली आहे. प्रत आणि प्रदेश यांची ही समज आपल्याकडे बाहेरून आलेली नाही.

पण त्याच प्रकरणात कर आणि सरकारी मक्ताही आहे, आणि पुढचा इतिहास त्या बाजूने वाहत गेला. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा झाला, आणि ठाणे-कुलाब्याच्या भागात फुलं गोळा करण्यावर व बाळगण्यावर बंधनं आली. घरची भट्टी बंद व्हावी आणि लोकांनी कर भरलेली दारू विकत घ्यावी, हा त्यामागचा हेतू.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तिथे मोहाची दारू आणि शिंदी या दोन्ही गोष्टी अबकारी खात्याच्या ताब्यात होत्या, आणि दुकानं गुत्तेदारांना लिलावाने दिली जात. जमीन महसुलाच्या खालोखाल राज्याचं मोठं उत्पन्न अबकारीचं होतं. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७ साली मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. निजामाची आर्थिक नाडी त्या झाडांत होती. आपल्याच शिवारातलं झाड आपल्याच माणसांनी राज्याविरुद्धचं शस्त्र म्हणून तोडावं, इतकं ते झाड लोकांपासून तुटलेलं होतं. झाडाचं मूल्य चवीत न राहता महसुलात गेलं, की असंच होतं.

१९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा इथे लागू झाला. तो कायदा महाराष्ट्रात अजून आहे. पिण्यासाठी परवाना लागतो तो त्याच कायद्याने. आणि मोहफुलांवर, म्हणजे एका जंगली फुलावर, साठवण-वाहतुकीची बंधनं होती तीही त्याच कायद्याने. राज्यात ती उठायला २०२१ साल उजाडलं.

इथेच एक तुलना मला महत्त्वाची वाटते. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. त्याआधीच १९८० च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावात फेसाळत्या वाइनचा उद्योग उभा केला होता, आणि १९९९ मध्ये राजीव सामंतांनी नाशिकला सुला ही वायनरी सुरू केली होती. धोरणाने करात सवलत दिली, वाइनला शेतीमालाच्या प्रक्रियेचा दर्जा दिला, आणि नाशिकचं नाव जगाला कळलं. ते योग्यच झालं. पण परदेशातून आलेल्या द्राक्षाच्या जातींना हा मान मिळत असताना, इथल्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या वेचलं जाणारं फूल आणखी वीस वर्षं पंचनाम्यात राहिलं. फरक पिकात नव्हता. फरक पिकवणाऱ्याच्या आणि वेचणाऱ्याच्या वजनात होता.

गोव्याने काय केलं

शेजारच्या गोव्याने वेगळी वाट धरली. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. त्याची बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवणीच्या कुंडात, तुडवून नीरो म्हणजे रस काढतात, तो आंबवतात, आणि भाटीवर म्हणजे भट्टीवर एकदा गाळला की उर्राक, पुन्हा गाळला की फेणी. उर्राक सौम्य आणि फक्त हंगामात मिळणारा. फेणी साधारण ४२ टक्क्यांच्या घरातली. गोव्याने भाटीवाल्याला गुन्हेगार ठरवलं नाही, परवाना दिला. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-मद्य म्हणून घोषित केलं.

गोव्यातल्याच डेसमंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये मोहाची दारू रीतसर बाटलीत भरून बाजारात आणली. मध्य प्रदेश सरकारने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली. मेक्सिकोत मेस्कालचं असंच झालं. खेड्यापाड्यातली, हलकी समजली जाणारी दारू १९९४ मध्ये कायदेशीर प्रदेश-संरक्षण मिळून जगभर पोहोचली. पण तिथून एक धडाही घ्यावा लागेल. मागणी वाढली तशी मेस्काल जिच्यापासून काढतात ती रानातली अगावे वनस्पती विरळ होऊ लागली आणि नफ्याचा मोठा वाटा बाटली भरणाऱ्यांकडे गेला. मोहाचं झाड दहा-पंधरा वर्षांनी फुलायला लागतं. तोडलेल्या मोहाची जागा एका पिढीत भरून निघत नाही.

कशी चाखावी

मोहाची चांगली दारू हाती आली तर ती घाईने पिऊ नये. तोंडाशी निमुळता असलेला छोटा पेला घ्यावा, त्यात तीस मिलीलिटर, बर्फ नको. पेला नाकाखाली धरून तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्यावा, नुसत्या नाकाने जोरात ओढलं की अल्कोहोल झोंबतं आणि बाकी काही कळत नाही. आधी सुक्या फुलाचा गोडवा येतो, मनुका आणि गुळाकडे झुकणारा. मग चिंचेच्या गरासारखी आंबट-गडद छटा, आणि तळाशी ओल्या मातीचा, कधी धुराचा वास. धूर सौम्य असला तर तो चुलीचा; बोचरा असला तर ती करपलेली भट्टी.

पहिला घोट जिभेवर फिरवून गिळावा, मग पेल्यात पाण्याचे चार-पाच थेंब टाकून पुन्हा हुंगावा. पाण्याने अल्कोहोलची पकड सैल होते आणि दडलेले वास वर येतात. घोट गेल्यावर तोंडात काय मागे राहतं, हे दारूच्या प्रतीचं सगळ्यांत विश्वासू माप आहे. स्वच्छ दारू फुलाचा गोडवा मागे ठेवते. वाईट दारू धातूची चव, कडवटपणा आणि घशातली आग ठेवते.

कॉकटेलचा पाया तीन गोष्टींच्या तोलात आहे: दारू, आंबट आणि गोड. मोहाला लिंबू चालतं, पण हिंगोलीच्या माणसाने चिंच आणि गूळ वापरून पाहावा, त्यात आल्याचा रस. दारू दोन भाग, चिंचेचं पातळ पाणी एक भाग, गुळाचा पाक त्याहून थोडा कमी, आल्याचे काही थेंब. भरपूर बर्फावर हलवून गाळून घ्यायचं. आंबट-गोडाचं हे गणित जमलं तर मोहाचा वास झाकला जात नाही, उजळतो. ज्या दारूची चव झाकण्यासाठी संत्र्याचा अर्क लागतो, तिच्यासाठी ही मेहनत करण्यात अर्थ नाही.

दारूची दुसरी बाजू

हे सगळं लिहिताना आखाडा बाळापूरच्या भोवतीची गावं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. याच हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे, संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं. तुळशीची माळ घातलेला वारकरी दारूला शिवत नाही, आणि त्या माळेने मराठवाड्यातले असंख्य संसार सावरले आहेत. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या महिला मतदानाने दुकान बंद करू शकतात. त्या मतदानातली बंदीची खूण असलेली आडवी बाटली निवडून आणण्यासाठी अनेक गावांतल्या बायकांनी रात्रंदिवस पायपीट केली आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि डॉ. अभय बंग यांनी व्यसनाविरुद्ध उभं केलेलं काम साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं मारली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की आरोग्याच्या दृष्टीने अल्कोहोलचं कोणतंच प्रमाण सुरक्षित नाही.

यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. ज्या बाईने नवऱ्याच्या हातून मार खाल्ला, तिने दुकान बंद करण्यासाठी केलेलं मतदान हे कुठल्याही रसिकतेपेक्षा मोठं आहे. पण हेही पाहायला हवं, की तिचा संसार ज्या दारूने मोडला ती मोहफुलाच्या मंद भट्टीतली नव्हती. ती स्वस्त मळीची होती, काळ्या गुळाची होती, बाजारात रोज, हवी तितकी मिळणारी होती. आदिवासी समाजांत मोहाच्या दारूला जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य यांच्या वेळा ठरलेल्या होत्या. फूल वर्षातून एकदा येणार, सडवा लावायला दिवस लागणार, पहिली धार देवाला जाणार. या वेळा आणि या मर्यादा हाही कसबाचाच भाग होता. कसब मोडलं तेव्हा त्या मर्यादाही मोडल्या.

म्हणून मला जे म्हणायचं आहे ते नुसत्या परवानगीपुरतं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनात राहणाऱ्या समाजाचा हक्क मान्य केला आहे. मोहफूल त्यात येतं. किनवट, माहूर, कळमनुरी, उमरखेड या पट्ट्यातल्या ग्रामसभांना आधी हा हक्क व्यवहारात मिळू दे. जाळीवर वेचलेल्या फुलाला प्रतवारीचा भाव मिळू दे. दारू काढायचीच, तर ती थोडी, हंगामी, ग्रामसभेच्या संमतीने, तांब्याच्या किंवा मातीच्या भट्टीत, मिथेनॉलची तपासणी होऊन, आणि बाटलीवर गावाचं व वेचणाऱ्या गटाचं नाव घेऊन बाहेर पडू दे. ज्या गावातल्या बायका नको म्हणतील त्या गावात ती निघू नये. हा नकाराधिकार परवान्याच्या पहिल्या ओळीत असावा. आणि जिथे दारू नको, तिथे त्याच फुलाचे लाडू, सरबत, मनुकेसारखी सुकी फुलं विकायलाही तेवढंच पाठबळ मिळावं.

नाशिकच्या द्राक्षासाठी शासनाने धोरण लिहिलं, तज्ज्ञ आणले, करसवलत दिली. मराठवाड्याच्या मोहासाठी याच्या दशांश केलं तरी दहा वर्षांत कळमनुरीच्या डोंगरातल्या बाईला फुलाचा भाव ठरवता येईल. तिच्या नाकाला जे कळतं ते शिकण्यासारखं आहे, हे आपण मान्य करण्यापासून त्या धोरणाची सुरुवात व्हायला हवी.